संसाराच्या रगाड्यातही तडीस जाईल असा लोकरीचा स्वेटर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेरजवळच्या गावात आपले एकत्र कुटुंब आहे, सकाळी आपण शाळेत शिकवायला जाता, घरी दोन लहान मुले आहेत, आणि केळीच्या बागेला पाणी द्यायला रात्री-अपरात्री जाणाऱ्या सासऱ्यांसाठी आपल्याला लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायचा आहे. मागच्या हिवाळ्यात घातलेले टाके पाठीच्या अर्ध्यावर येऊन थांबले आणि ते काम अजून तसेच सुईवर आहे. या धबडग्यात विणायला वेळ कसा काढावा, असे आपण विचारले आहे.

गेली अनेक वर्षे मी विणते आणि इतरांना शिकवते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की लहान मुलांच्या घरात विणकामासाठी वेगळा वेळ निघत नाही आणि त्याची वाट पाहण्यातच हिवाळा संपतो. जे हाती असतात ते पाच-दहा मिनिटांचे तुकडे असतात, आणि तेही मधेच कोणीतरी हाक मारील असे. म्हणून कपडाच असा योजावा लागतो, की तो कोणत्याही ओळीला खाली ठेवता यावा आणि चार दिवसांनी उचलला तरी आपण कुठे होतो हे विणीकडे पाहूनच कळावे. लोकर, रंग, सुया, नमुना आणि मापे या सगळ्यांची निवड या एका कसोटीवर करावी, असे माझे सांगणे आहे.

पहिला बदल कपड्यातच सुचवते. पूर्ण बाह्यांऐवजी हाफ स्वेटर करावा. थंडीची लाट येते तेव्हा केळीला चरका बसू नये म्हणून आपल्याकडे मुद्दाम रात्री पाणी भरतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि बांधावर धूरही करतात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत गार रात्रीच आपले सासरे पाण्यात आणि चिखलात उभे असतात. पाट फोडताना आणि दारे धरताना लोकरीची बाही मनगटापासून भिजते, चिखलाने जड होते आणि शेवटी ते स्वेटर काढूनच ठेवतील. ऊब लागते ती छातीला आणि पाठीला. ती हाफ स्वेटरने मिळते, हात मोकळे राहतात, आणि वरून घोंगडी किंवा जाड शर्ट घेता येतो.

वेळेचा हिशोबही हेच सांगतो. मध्यम बांध्याच्या माणसाच्या हाफ स्वेटरला, पुढे दिलेल्या मापांनी, पट्ट्यांसह सुमारे ३४,००० टाके लागतात. मधूनमधून उठणाऱ्या हाताचा वेग मिनिटाला २० टाके धरला, तर हे सुमारे २८ तासांचे काम होते, म्हणजे रोज अर्धा तास मिळाला तर जवळजवळ दोन महिन्यांचे. दोन पूर्ण बाह्या जोडल्या की त्यात आणखी १७,००० टाके, म्हणजे निम्म्याने भर पडते. गेल्या वर्षी आपले काम अडले त्याचे कारण आळस नसून हा आकडा असावा, असे मला वाटते.

दोन महिन्यांचे काम आपल्या दिनमानात बसवायचे तर त्याला तीन महिने द्यावेत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लोकर घामेजल्या हाताला चिकटते आणि वीण मळते, म्हणून त्या महिन्यांत सुरुवात करू नये. गणपतींचे विसर्जन झाले की टाके घालावेत. नंतर कापसाची वेचणी आणि शाळेच्या सहामाही परीक्षा येतात, तेव्हा गती मंदावेल. दिवाळीचा पंधरवडा तर हिशोबातच धरू नये. तरीही मार्गशीर्षापर्यंत कपडा अंगावर येतो, आणि खरी बोचरी थंडी त्यानंतरच पडते.

आता लोकरीविषयी, कारण इथे मी तडजोड सुचवणार नाही. बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. मुलांच्या रोजच्या स्वेटरला ते चालतात, धुवायलाही सोपे जातात. परंतु ज्या माणसाला रात्री पाण्याजवळ राबायचे आहे आणि मधूनमधून शेकोटीशी बसायचे आहे, त्याच्यासाठी खरी लोकर घ्यावी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे दवाने आणि घामाने ती लगेच गार पडत नाही. शिवाय लोकर सहज पेट घेत नाही, ठिणगी पडली तर तेवढीच जागा करपते. ॲक्रिलिक मात्र वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून भाजतो. दुकानात शंका आली तर वीतभर धागा मागून घ्यावा आणि घरी चिमट्यात धरून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख झाली तर ती लोकर, आणि कडक मणी तयार झाला तर कृत्रिम धागा. लोकरीत थोडेसे नायलॉन मिसळलेले असले तर त्याला माझी हरकत नाही, त्याने धागा टिकतो.

चांगली लोकर मागवायची झाल्यास बहुधा लुधियानाची येईल. मध्यम जाडीची, घट्ट पिळाची घ्यावी, आणि गळ्याशी घासून पाहावी, कारण जी लोकर मानेला टोचते ती कितीही उबदार असली तरी वापरली जात नाही. ४०० ग्रॅम पुरेल, तरी ४५० ग्रॅम एकदमच घ्यावी, आणि प्रत्येक गुंड्याच्या कागदावरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे हे तिथेच तपासावे. तोच रंग पुढच्या लॉटमध्ये किंचित फिका-गडद येतो आणि छातीवर आडवा पट्टा दिसतो.

रंग निवडताना आपण केव्हा विणणार याचा विचार करावा. मुले झोपल्यावर मंद दिव्यात काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे टाके दिसत नाहीत, सुटलेला टाका सकाळी सापडतो आणि दहा ओळी उसवाव्या लागतात. पांढरट रंगावर हळदीचा हात लागला की डाग बसतो. राखाडी, मेंदीचा किंवा मधल्या छटेचा तपकिरी रंग घ्यावा. तो शेतातल्या मातीलाही सोसतो.

सुयांबाबत एक सूचना फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मोजणी चालते, तिच्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची असते. अमेरिकन नमुन्यांत मोजणी उलटी आहे, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. त्यामुळे मोबाइलवर पाहिलेला नमुना विणताना नंबर न पाहता मिलिमीटर पाहावे. आपल्याला अंगासाठी ४ मिलिमीटर आणि पट्ट्यांसाठी सव्वातीन मिलिमीटर लागेल. दोन सुट्या सुयांऐवजी, दोन टोके लवचीक दोरीने जोडलेली लांब सुई घ्यावी आणि तिच्यावर नेहमीप्रमाणेच पुढे-मागे विणावे. पिशवीत कोंबली तरी टाके दोरीवर सरकून बसतात, सुटत नाहीत. एसटीत शेजारच्याला कोपर लागत नाही, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाती लांब टोकदार सुई पडण्याचा धोका कमी होतो. तरीही विणकामाची पिशवी खुंटीवर उंचच टांगावी.

आता नमुन्याचा तुकडा. हा भाग बहुतेकजणी टाळतात, आणि पुढची बरीचशी निराशा इथूनच सुरू होते. ३० टाके घालून वीतभर उंच तुकडा विणावा, तो धुऊन, सपाट वाळवून मगच त्यावर १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे. मी पुढे धरलेले प्रमाण १० सेंटीमीटरला २० टाके आणि २८ ओळी असे आहे. आपले २१ टाके बसले तर फरक नगण्य वाटेल, परंतु तेवढ्याने संपूर्ण घेर जवळजवळ ५ सेंटीमीटरने आखूड होतो आणि स्वेटर शर्टावर ओढून घालावा लागतो. अशा वेळी टाक्यांची संख्या बदलण्यापेक्षा सुई पाव किंवा अर्धा मिलिमीटर जाड घ्यावी.

माप घेण्यासाठी सासऱ्यांना उभे करण्याचा संकोच वाटत असेल, तर त्यांचा अंगावर नीट बसणारा जाड शर्ट जमिनीवर पसरून मोजावा. शर्टावरून छाती ९५ सेंटीमीटर भरते असे धरू. त्यात ८ ते ९ सेंटीमीटर सैलपणा मिळवला की घेर १०४ होतो, म्हणजे पाठीला ५२ सेंटीमीटर. शिवणीत जाणारे दोन टाके धरून १०६ टाके घालावेत. खालची पट्टी दोन सुलट दोन उलट अशी ७ सेंटीमीटर विणावी. १०६ ही संख्या या पट्टीसाठी सोयीची आहे, कारण ओळ दोन सुलटांनी सुरू होऊन दोन सुलटांनीच संपते आणि शिवण स्वच्छ बसते. पट्टीनंतर जाड सुई घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे खालपासून एकूण ३८ सेंटीमीटर होईपर्यंत चालावे. वीण फार सैल ठेवू नये. लोकरीची ऊब धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेची असते, आणि सातपुड्याकडून येणारा वारा सैल विणीतून ती हवा सहज काढून नेतो.

या साध्या विणीचा कंटाळा येईल हे मला ठाऊक आहे. वेण्या आणि जाळ्या विणायचा मोह होईल, आणि त्या सुंदर दिसतात यात शंका नाही. परंतु वेणीला दर सहाव्या किंवा आठव्या ओळीची आठवण ठेवावी लागते, आणि ती आठवण नेमकी दूध उतू जाताना हरवते. त्याऐवजी पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाक्यांच्या उभ्या रेषा ठेवाव्यात. खालच्या ओळीत जिथे उलट टाका दिसतो तिथेच वरही घालायचा असतो, म्हणून मोजावे लागत नाही, आणि कपडा अंगावर सडपातळ दिसतो.

मुंढ्यापाशी दोन्ही बाजूंना ७-७ टाके बंद करावेत आणि पुढे प्रत्येक सुलट ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका असे आठ वेळा घटवावेत. ७६ टाके उरतात. पाठ तशीच सरळ, मुंढ्यापासून ६६ ओळी होईपर्यंत न्यावी. मग २२ टाके खांद्याचे, ३२ गळ्याचे आणि २२ दुसऱ्या खांद्याचे असे हिशोबाने बंद करावेत.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत अगदी पाठीसारखाच आहे. त्यानंतर छापील नमुन्यांत पुष्कळदा मुंढा आणि गळा यांची घट एकाच वेळी सुरू करायला सांगितलेले असते. शांतपणे बसणारीला ते जमते. पण ज्या बाईला प्रत्येक ओळीला उठावे लागते तिने दोन हिशोब एकदम चालवू नयेत. मुंढ्याची घट पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८ ओळी झाल्यावर, मगच ७६ टाक्यांचे ३८-३८ असे दोन भाग करावेत. अर्धे टाके जाड दोऱ्यात ओवून बाजूला ठेवावेत आणि एका बाजूचा गळा घटवायला लागावे. आधी प्रत्येक सुलट ओळीत एक टाका असे आठ वेळा, मग दर चौथ्या ओळीत एक असे आठ वेळा. १६ आणि ३२ मिळून ४८ ओळी होतात, १६ टाके कमी होतात आणि खांद्याला बरोबर २२ उरतात. गळा थोडा उथळ होतो, परंतु तोही फायद्याचाच आहे, कारण छातीचा मधला भाग झाकला जातो.

आता रोज उचलण्या-ठेवण्याचे नियम सांगते. १०६ टाक्यांची एक ओळ पाच मिनिटांत होते, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईतो एक ओळ निघते. शक्यतो ओळ संपवूनच उठावे. मधेच उठावे लागलेच, तर पुन्हा हातात घेताना गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईवरच्या टाक्यांतून निघालेला दिसतो ती सुई उजव्या हातात धरावी. ती डाव्या हातात आली तर काम अर्ध्या ओळीतून उलट फिरते, तिथे एक बाजू दोन ओळींनी उंच होते आणि लहान भोक पडते. दर दहाव्या ओळीला कडेच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा. मग वहीत लिहिण्याची गरज राहत नाही आणि वही हरवण्याचा प्रश्नही राहत नाही. घट केलेल्या प्रत्येक जागीही असाच दोरा घालावा, कारण आठ वेळांपैकी किती झाल्या याबद्दल शंका आली की हात थांबतो.

स्वयंपाकानंतर विणण्यापेक्षा आधी विणावे. हळद-तेलाचा हात कितीही धुतला तरी फिक्या लोकरीवर खूण सोडतो. टाका सुटला तर घाबरून सुई ओढू नये. क्रोशाची सुई घालून तो टाका शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या आडव्या धाग्यांतून एकेक करत वर आणावा, दोन मिनिटांचे काम आहे.

घरातल्यांची मदत जरूर घ्यावी, पण ती कुठे घ्यावी हे ठरवून घ्यावी. सासूबाईंना विणता येत असेल तर चालू पाठीवर त्यांच्याकडून चार ओळी विणून घेऊ नयेत. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कोणाचा घट्ट, कोणाचा सैल, आणि तो पट्टा धुतल्यावरही दिसतो. त्यांना गळ्याची आणि मुंढ्यांची पट्टी सबंध द्यावी. त्या जागी हात बदललेला कळत नाही, आणि नवऱ्याच्या स्वेटरला त्यांचाही हात लागतो. लडीतून गुंडा करणे, दहाव्या ओळीचा दोरा अडकवणे ही कामे सहा-सात वर्षांचे मूल आनंदाने करते.

जुळवणीच्या पायरीवर अनेक स्वेटर वर्षानुवर्षे पडून राहतात, म्हणून तिचा क्रम सोपा ठेवावा. आधी भाग ओले करून, मापाला ताणून, सपाट वाळवावेत. मग एकच खांदा शिवावा. खांदा एका बाजूने उघडा असतो तोवर गळ्याची पट्टी सरळ पुढे-मागे विणता येते. मागच्या गळ्याचे ३२ टाके, आणि पुढच्या प्रत्येक तिरक्या कडेला दर चार ओळींमागे तीन या प्रमाणात ३६ टाके उचलावेत, आणि टोकाला मधोमध एक. त्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एक ओळ सोडून एक ओळ दोन टाके एकत्र विणत गेले की टोक नीट बसते. आठ ओळी पुरेत. त्यानंतर दुसरा खांदा, मग मुंढ्यांच्या सहा-सहा ओळींच्या पट्ट्या, आणि काखेखालच्या दोन्ही शिवणी सर्वांत शेवटी. मुंढ्याची पट्टी बाजूची शिवण घालण्याआधी विणली तर कपडा सपाट असतो आणि हातात गुंतत नाही.

मागच्या वर्षीच्या अर्ध्या पाठीचे काय करावे, हाही आपला प्रश्न होता. ती पुढे विणू नये. इतके महिने सुईवर ताणलेली ओळ कायम उठून दिसते, आणि वर्षभराने आपला हातही बदललेला असतो. आधी धागा जाळून पाहावा. लोकर असेल तर उसवून खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत लड करावी, चार जागी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हलकेच दाबून सावलीत टांगावी. वाकडेपणा जातो आणि ती नव्यासारखी विणता येते. ॲक्रिलिक निघाले तर मुलांच्या कानटोप्या कराव्यात.

तयार स्वेटर धुताना गरम पाणी, सोड्याची पावडर आणि घासणे या तीन गोष्टी टाळाव्यात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, उष्णता, क्षार आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात, आणि कपडा कायमचा आटतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर बसतो, त्यापेक्षा साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी आणि रिठ्याचा फेस चांगला. पिळू नये. जुन्या पंचात गुंडाळून दाबावे आणि बाजेवर सावलीत पसरावे, दोरीवर टांगल्यास ओल्या लोकरीच्या वजनाने खांदे लोंबतात. शेतातला चिखल मात्र ओला असताना चोळू नये, वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने झटकावा.

होळीच्या सुमारास स्वेटर ठेवून देताना तो धुऊन पूर्ण वाळलेला असावा. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांपाशी आधी लागते. कडक उन्हात तासभर ठेवून, जुन्या सुती धोतरात बांधून, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह डब्यात ठेवावा आणि पावसाळ्यात एकदा तरी उघडून झटकावा. डांबराच्या गोळ्या वापरायच्या असतील तर तान्ह्या मुलांच्या कपड्यांत त्या कधीही घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते आणि त्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. मोठ्यांचा स्वेटरही त्या डब्यातून काढल्यावर दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावा आणि धुऊन घ्यावा, मगच तो घालून नातवंडाला कडेवर घ्यावे.